अदृश्य दोषास रूप देणारे सुवर्ण : धातूंच्या सूक्ष्मकणांद्वारे द्रावणपरीक्षा

प्रास्ताविक

आयुर्वेदशास्त्रात द्रव्यपरीक्षेस अनन्यसाधारण महत्त्व आहे. औषधद्रव्य असो, आहारद्रव्य असो वा उदक असो, ते पारखूनच वापरावे हा आपल्या आचार्यांचा दंडक आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील अन्नरक्षा अध्यायात विषमिश्रित द्रवपदार्थांची लक्षणे सांगताना वाग्भटाचार्यांनी रंगाचा आधार घेतला आहे. विषयुक्त दुधात ताम्रवर्णाची, मद्यात व पाण्यात काळी, मधात हिरवी, तर तेलात अरुणवर्णाची रेषा दिसते, असे तेथे वर्णन आहे. राजाच्या मुखी जाणारा पदार्थ वैद्याने आधी डोळ्यांनी तपासावा, हा त्यामागील हेतू होय.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील द्रवद्रव्यविधि अध्यायात पाण्याचे स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य आणि विपाक असे सहा दोष सांगितले आहेत. यांपैकी पहिले चार दोष इंद्रियांना कळतात. वीर्यदोष मात्र पाणी प्यायल्यावर तृष्णा, गौरव, शूल, कफप्रसेक उत्पन्न झाल्यानंतरच लक्षात येतो आणि विपाकदोष पचनास विलंब अथवा विष्टंभ झाल्यावर कळतो. म्हणजे दोष कळतो तेव्हा तो शरीरात पोहोचलेला असतो.

आमचे चिकित्साक्षेत्र भिवंडीतील कामतघर हे आहे. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. येथे कापड विणले जाते, सूतास खळ दिली जाते, कापड रंगविले जाते. कामतघरास वऱ्हाळादेवी तलावाचे सान्निध्य आहे आणि शहरालगत कामवारी नदी आहे. नाल्याच्या पाण्यास रंग आला की तो लहान मुलासही कळतो, कारण तो रूपदोष आहे. परंतु शिसे, पारा, सोमल व कॅडमियम यांची विरघळलेली संयुगे अल्प प्रमाणात असताना पाण्यास ना रंग देतात, ना गंध, ना चव. रंगीत पाणी विषारी असेलच असे नाही आणि स्फटिकासारखे स्वच्छ पाणी निर्दोष असेलच असेही नाही. अशा अदृश्य दोषास दृश्य रूप देता येईल काय, या प्रश्नाचे एक उत्तर गेल्या काही दशकांत धातूंच्या अतिसूक्ष्म कणांनी दिले आहे.

हा विषय वैद्यवर्गास दूरचा वाटण्याची शक्यता आहे. वस्तुतः आपल्यापैकी बहुतेकांनी हे तंत्र हाताळलेले आहे. चिकित्सालयात आपण मूत्रावरील गर्भधारणा चाचणीची जी पट्टी वापरतो, तिच्यापैकी अनेक पट्ट्यांत उमटणारी गुलाबी रेषा ही सुवर्णाच्या सूक्ष्मकणांची रेषा असते. मलेरियाच्या अनेक त्वरित चाचणीपट्ट्यांत आणि २०२० नंतर घरोघरी पोहोचलेल्या कोरोनाच्या प्रतिजन चाचण्यांतही हेच सुवर्ण होते. प्रस्तुत लेखात या तंत्राचे तत्त्व, त्याची व्याप्ती, महाराष्ट्रात झालेले संबंधित कार्य आणि आपल्या औषधनिर्मितीच्या दृष्टीने त्याचा उपयोग व मर्यादा यांचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

सोने लाल का दिसते?

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सोन्याचा पत्रा पिवळा दिसतो. परंतु त्याच सोन्याचे दहा ते वीस नॅनोमीटर व्यासाचे कण पाण्यात विखुरले असता ते पाणी माणकासारखे लाल दिसते. यात कोणताही रंग मिसळलेला नसतो. १३ नॅनोमीटरच्या एका कणात सोन्याचे सुमारे ६५ ते ७० हजार अणू असतात आणि ते शुद्ध धातूरूपातच असतात.

याचे कारण धातूतील मुक्त इलेक्ट्रॉनांमध्ये आहे. प्रकाश ही विद्युत्‌क्षेत्राची आंदोलने होत. हा प्रकाश सूक्ष्म कणावर पडला की कणातील इलेक्ट्रॉनांचा समूह त्या तालावर मागे-पुढे हेलकावे खाऊ लागतो. झोपाळ्यावर बसलेल्या मुलास त्याच्या लयीत हलका धक्का देत गेल्यास झोका मोठा होतो. लय सोडून दिलेले जोरकस धक्केही वाया जातात. त्याचप्रमाणे इलेक्ट्रॉनांच्या स्वाभाविक लयीशी जुळणारा प्रकाशच कण प्रकर्षाने शोषून घेतो. भौतिकशास्त्रात यास पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन म्हणतात. लहान गोल सुवर्णकणांची ही लय सुमारे ५२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी जुळते. हिरवा प्रकाश शोषला गेला की उरलेला प्रकाश लाल दिसतो. चांदीच्या कणांची लय सुमारे ४०० नॅनोमीटरवरील जांभळ्या प्रकाशाशी जुळते, म्हणून चांदीचे कलिल पिवळे दिसते.

हे शोषण अत्यंत प्रबळ असते. कापड रंगविण्याच्या उत्तम रंगद्रव्याचा एक रेणू जेवढा प्रकाश शोषतो, त्याच्या हजारपटीहून अधिक प्रकाश एक सुवर्णकण शोषतो. त्यामुळे अगदी अल्प सुवर्णातही डोळ्यांना स्पष्ट दिसणारा रंग मिळतो. एक मिलिलिटर लाल द्रावणात साधारणतः ०.०५ मिलिग्रॅम सोने पुरते. सुवर्णभस्माच्या १५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेइतक्या वजनाचे सोने अशा सुमारे ३०० चाचण्यांना पुरेल, यावरून या तंत्राची काटकसर ध्यानात यावी.

अल्प इतिहास

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चौथ्या शतकातील एक रोमन काचपात्र आहे. लायकर्गसचे पात्र या नावाने ते ओळखले जाते. बाहेरून प्रकाश पडला असता ते हिरवे दिसते आणि आत दिवा ठेवला असता माणकासारखे लाल दिसते. त्याच्या काचेत सोने व चांदी यांचे सूक्ष्मकण आहेत. करणाऱ्या कारागिरास रंग साधला होता. त्यामागील कारण ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

कारणाच्या दिशेने पहिले पद्धतशीर पाऊल मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये टाकले. त्यांनी सुवर्णाच्या क्षारद्रावणावर फॉस्फरसची क्रिया करून माणिकवर्णी द्रव तयार केला, त्यात धातुरूप सोन्याचेच अतिसूक्ष्म कण आहेत असे प्रतिपादन केले आणि मीठ घातल्यास हा लाल द्रव निळा होतो असे नोंदविले. आजच्या अनेक चाचण्यांचे बीज या एका निरीक्षणात आहे. पुढे १९०८ मध्ये गुस्टाव मी यांनी या रंगांचे गणिती स्पष्टीकरण दिले. १९५१ मध्ये टर्केविच व सहकाऱ्यांनी सोपी निर्मितिपद्धती अभ्यासून प्रसिद्ध केली. तीत सुवर्णाच्या क्लोराइडचे फिकट पिवळे द्रावण उकळत असताना त्यात सोडियम सायट्रेट घालतात. पिवळेपणा जातो, द्रव काही काळ निळसर-काळपट होतो आणि काही मिनिटांत मद्यासारखा लाल होऊन स्थिरावतो. पाकसिद्धीची लक्षणे पाहण्याची सवय असलेल्या वैद्यास हा क्रम सहज उमगेल.

द्रावणातील पदार्थ कसा ओळखला जातो?

कणाची लय कणाचा आकार, त्याचे परस्परांपासूनचे अंतर आणि सभोवतालचे माध्यम या तीन गोष्टींवर अवलंबून असते. यांपैकी काहीही बदलले की रंग बदलतो. परीक्षेच्या पद्धती याच तत्त्वावर उभ्या आहेत.

(१) माध्यमातील बदल. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३, तर खाद्यतेलाचा सुमारे १.४७ आहे. कणाभोवतीचे माध्यम बदलले अथवा कणाच्या पृष्ठभागावर एखाद्या पदार्थाचा पातळ थर बसला, की शोषणाची तरंगलांबी काही नॅनोमीटर सरकते. हा बदल बहुधा डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये उपरोक्त रोमन पात्रावरून प्रेरणा घेऊन धातूचा थर दिलेले अतिसूक्ष्म पेले तयार केले. त्यांत ओतलेल्या द्रवानुसार पेल्यांचा रंग बदलत असे.

(२) कणांचे एकत्र येणे. सायट्रेटने वेढलेल्या सुवर्णकणांवर ऋण विद्युत्‌भार असतो, त्यामुळे ते एकमेकांस दूर लोटतात आणि द्रव लाल राहतो. एखाद्या पदार्थामुळे ते जवळ आले तर त्यांचे हेलकावे परस्परांत गुंततात, लय मंदावते, शोषण ६०० ते ७०० नॅनोमीटरकडे सरकते आणि द्रव जांभळा वा निळा होतो. हा बदल साध्या डोळ्यांनी दिसतो, म्हणून व्यवहारात ही पद्धत अधिक उपयोगी ठरली. फॅरडे यांनी मीठ घालून पाहिले ते हेच होते.

(३) कणाचेच रूपांतर. पारद सुवर्ण व रजत यांचा ग्रास करतो, हे रसशास्त्राच्या अभ्यासकांस सांगणे नलगे. चांदीच्या पिवळ्या कलिलात पाऱ्याचे आयन आले असता चांदी त्यांना धातुरूपात आणते व स्वतः झिजते. पारा उरलेल्या कणाशी संयोग पावतो आणि पिवळा रंग फिका होत जातो.

(४) रेषेवर साठणे. गर्भधारणा चाचणीच्या पट्टीत सुवर्णकणांवर एचसीजी या संप्रेरकास पकडणारी प्रतिपिंडे चिकटविलेली असतात. मूत्राबरोबर कण पट्टीवरून वर सरकतात. संप्रेरक असल्यास ते कणांशी जोडले जाते आणि चाचणीरेषेवर बसविलेली दुसरी प्रतिपिंडे ही जोडी अडवून धरतात. कण एका जागी साठले की लाल रेषा दिसते. संप्रेरक नसल्यास कण तेथे न थांबता पुढील नियंत्रणरेषेवर अडतात. नियंत्रणरेषा न उमटल्यास चाचणी का रद्द समजावी, हेही यावरून स्पष्ट होते.

विशिष्टतेचा प्रश्न

नुसते सुवर्णकण कोणत्याही क्षाराने निळे होतात. शिसेच ओळखायचे असेल तर कणावर शिशाशीच संयोग पावणारा ग्राहक बसवावा लागतो. या तंत्राची खरी कसोटी ग्राहकाच्या निवडीत आहे.

इलिनॉय विद्यापीठातील ज्युवेन लिऊ व यी लू यांनी २००३ मध्ये शिशासाठी एक युक्ती योजली. डीएनएच्या धाग्यांनी सुवर्णकण एकत्र बांधले की द्रव निळा होतो. शिसे असता त्यातील डीएनएचाच एक उत्प्रेरक भाग कार्यान्वित होऊन धागा कापतो, कण सुटे राहतात आणि द्रव लाल होतो. पाऱ्यासाठी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील चॅड मर्किन यांच्या गटाने २००७ मध्ये डीएनएतील थायमिन या घटकाचा उपयोग केला. पाऱ्याचा आयन दोन थायमिनांस सांधतो. त्यामुळे विशिष्ट तापमानास पारा नसलेले द्रावण लाल होते, तर पारा असलेले जांभळेच राहते. आपल्या देशात आयआयटी मद्रासचे डॉ. टी. प्रदीप व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एंडोसल्फान या कीटकनाशकाची ओळख सुवर्णकणांच्या रंगबदलाने करता येते असे दाखविले.

विशिष्टतेचे महत्त्व २००८ मधील चीनच्या दूधभेसळ प्रकरणाने जगास पटवून दिले. दुधातील प्रथिने मोजण्याची प्रचलित परीक्षा प्रत्यक्षात नायट्रोजन मोजते. मेलामाइनमध्ये वजनाच्या सुमारे दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. पाणी मिसळलेल्या दुधात मेलामाइन घालून ही परीक्षा फसविण्यात आली. सहा बालके दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. त्यानंतर २००९ मध्ये लेहुई लू यांच्या गटाने मेलामाइनलाच ओळखणारा ग्राहक सुवर्णकणांवर बसवून दुधातील भेसळ रंगाने दाखविणारी पद्धत प्रसिद्ध केली. परीक्षा जे मोजते आणि आपण जे समजतो, त्यांत अंतर असेल तर त्या अंतरातूनच भेसळ आत शिरते.

पुण्यातील कार्य आणि आपल्या वनस्पती

या क्षेत्रात महाराष्ट्राचे योगदान मोलाचे आहे आणि ते आपल्या परिचयाच्या वनस्पतींमधून आलेले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री, डॉ. अबसार अहमद व सहकाऱ्यांनी वनस्पतींच्या अर्कांनी धातूंचे सूक्ष्मकण तयार करण्यावर विस्तृत काम केले. २००४ मध्ये त्यांनी गवती चहाच्या अर्काने सुवर्णाचे त्रिकोणी चपटे कण तयार केल्याचे नेचर मटेरियल्स या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याच वर्षी निंबपत्रांच्या क्वाथाने सुवर्ण व रजत यांचे कण, २००५ मध्ये आमलकीच्या अर्काने आणि २००६ मध्ये कोरफडीच्या अर्काने असे कण करण्यात आले. २००५ मध्येच चिंचेच्या पानांच्या अर्काने केलेल्या त्रिकोणी सुवर्णकणांचा उपयोग बाष्पाच्या संवेदकासाठी होऊ शकेल असे या गटाने दाखविले. त्यात मात्र रंगाऐवजी विद्युत्‌वहनातील बदल मोजला होता.

या वनस्पतींतील अनेक घटक सुवर्णाच्या क्षारातून धातू मुक्त करतात आणि कणांवर आवरण चढवून त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतात. निंब व आमलकी येथे औषध म्हणून नव्हे, तर रासायनिक सहायक म्हणून कार्य करतात. या प्रयोगांवरून त्या वनस्पतींच्या चिकित्सागुणांविषयी कोणताही निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही.

रसशास्त्रातील परीक्षा आणि एक सावधगिरी

रंगबदलाने द्रव्य पारखण्याची पद्धत रसशास्त्रास नवी नाही. ताम्रभस्म दह्यात किंवा निंबूरसात ठेवले असता हिरवट-निळी छटा आली तर भस्म अपक्व समजावे, ही परीक्षा सर्वश्रुत आहे. मुक्त ताम्र आम्लात उतरते आणि त्याचे आयन रंग दाखवितात. १९७० मध्ये नंबुरी हनुमंतराव यांनी विकसित केलेली फेज्ड स्पॉट टेस्ट हीदेखील रसायनयुक्त कागदावर उमटणाऱ्या रंगछटांवर आधारित आहे. सुवर्णकणांची परीक्षा या परंपरेशी नाते सांगणारी आहे. फरक इतकाच की ताम्रपरीक्षेत तपासले जाणारे द्रव्य स्वतः रंग दाखविते, येथे रंगहीन द्रव्याची वार्ता दुसरा धातू देतो.

मात्र येथे एका प्रवादाचा विचार करणे आवश्यक आहे. भस्मे म्हणजे नॅनोकणच होत आणि आपल्या पूर्वाचार्यांस हे तंत्रज्ञान ज्ञात होते, असे विधान व्याख्यानांतून वारंवार ऐकू येते. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी सुवर्णभस्माच्या एका नमुन्यात ५६-५७ नॅनोमीटर आकाराचे सुवर्णस्फटिक आढळल्याचे प्रसिद्ध केले, हे खरे आहे. तथापि भस्मातील असे कण एकमेकांस चिकटून मोठे पुंज बनतात. सुवर्णभस्म पाण्यात टाकले असता माणिकवर्णी कलिल होत नाही. ते तांबूस-तपकिरी चूर्णच राहते. प्लाझ्मॉनाचा रंग देण्यासाठी कण सुटे असावे लागतात. म्हणून सुवर्णभस्म हा संवेदक नव्हे आणि संवेदकाचे सुवर्णद्रावण हे सुवर्णभस्म नव्हे. असे द्रावण औषध म्हणून कोणासही देऊ नये, हेही स्पष्ट करणे इष्ट होय. आपल्या शास्त्राची थोरवी सिद्ध करण्यासाठी त्यात नसलेली गोष्ट त्यावर लादण्याची गरज नाही.

आपल्या औषधांचा प्रश्न

२००४ च्या डिसेंबरात अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात रॉबर्ट सॅपर व सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळले होते. २००५ मध्ये तत्कालीन आयुष विभागाने निर्यात होणाऱ्या निव्वळ वनस्पतिज औषधांसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून बंधनकारक केली. अशा औषधांसाठी स्वीकारलेल्या मर्यादा याप्रमाणे आहेत : शिसे १० भाग प्रतिदशलक्ष, सोमल ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३.

आज रुग्ण चूर्णाची पुडी हाती घेताना यात शिसे तर नाही ना, असे विचारतात. हा प्रश्न अवमानकारक मानण्याचे कारण नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या कलम ३३-ईईसीमध्ये स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार करणाऱ्या वैद्यास परवान्याच्या अटीतून सूट दिली आहे. ही सूट म्हणजे समाजाने वैद्यावर ठेवलेला विश्वास होय. जेथे निरीक्षक येत नाही, तेथे परीक्षा करण्याचे दायित्व वैद्याच्या विवेकावर येते.

सुवर्णकणांची परीक्षा येथे कितपत उपयोगी पडेल, ते एका गणिताने पाहू. एक ग्रॅम चूर्णात मर्यादेइतके, म्हणजे १० भाग प्रतिदशलक्ष शिसे असेल तर ते १० मायक्रोग्रॅम होते. आम्लाने पूर्ण विघटन करून ५० मिलिलिटर द्रावण केल्यास त्यात शिशाचे प्रमाण २०० भाग प्रतिअब्ज येते. लिऊ व लू यांच्या पद्धतीची ओळखण्याची सीमा सुमारे २० भाग प्रतिअब्ज आहे. म्हणजे शिशाच्या बाबतीत ही परीक्षा तत्त्वतः पुरेशी आहे. पाऱ्याची मर्यादा १ भाग प्रतिदशलक्ष असल्याने तेच गणित केल्यास द्रावणात २० भाग प्रतिअब्ज पारा येतो आणि २००७ च्या पद्धतीची सीमाही सुमारे २० भाग प्रतिअब्जच आहे. येथे परीक्षा काठावर येते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० नुसार पाऱ्याची मर्यादा केवळ १ भाग प्रतिअब्ज आहे. तेथे ही पद्धत अपुरी पडते. त्यानंतर अधिक संवेदनशील पद्धती पुढे आल्या आहेत. परंतु कोणत्याही चाचणीसंचाची सीमा आणि आपल्याला हवी असलेली मर्यादा यांची अशी तुलना केल्याशिवाय तो विकत घेऊ नये.

मर्यादा

पहिली मर्यादा नमुन्याच्या रंगाची आहे. क्वाथ व आसव स्वतःच गडद रंगाचे असतात, त्यांत लाल-निळा भेद दिसत नाही. रंगाई कारखान्यांच्या सांडपाण्याबाबतही हीच अडचण येते.

दुसरी मर्यादा वनस्पतिघटकांची आहे. ज्या आमलकीच्या अर्काने सुवर्णकण तयार होतात, त्याच आमलकीचे घटक परीक्षेतील कणांवर आवरण चढवून त्यांना एकत्र येऊ देणार नाहीत, असे घडू शकते. मग दोष असूनही द्रव लालच राहील. त्रिफळा चूर्ण पाण्यात भिजवून ते पाणी तपासणे म्हणूनच निरर्थक होय.

तिसरी मर्यादा क्षारांची. विंधनविहिरीच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम विपुल असते. ग्राहक नसलेले साधे सुवर्णद्रावण अशा निरुपद्रवी पाण्यातही निळे होईल आणि विनाकारण भीती निर्माण करील.

चौथी मर्यादा आपल्या दृष्टीने सर्वात महत्त्वाची. ही परीक्षा द्रावणात उतरलेले आयनच पाहते. कज्जलीतील पारद गंधकाशी बद्ध असून पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे पाण्यात ढवळलेली कज्जली या परीक्षेत निर्दोष भासू शकते. त्यावरून ती पोटात गेल्यावर काय होईल, याविषयी काहीही सिद्ध होत नाही. तसेच रसौषधीत धातू हेतुतः घातलेला असतो. उपरोक्त मर्यादा वनस्पतिज औषधांच्या आहेत. रसौषधीची सुरक्षितता शोधन-मारण, भस्मपरीक्षा, मात्रा, अवधी आणि रुग्णाचे निरीक्षण यांनीच तपासावी लागेल.

व्यवहारातील उपयोग

पाण्याविषयी एक मुद्दा आवर्जून नमूद करावासा वाटतो. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांची तीव्रता वाढते. शार्ङ्गधराच्या विधीनुसार सोळापट पाण्यात क्वाथ करून अष्टमांश उरवितात. दहा ग्रॅम भरडीसाठी १६० मिलिलिटर पाणी घेऊन २० मिलिलिटर क्वाथ उरला, तर मूळ पाण्यातील शिसे, जेवढे भरडीच्या चोथ्यास चिकटले नसेल तेवढे, त्या २० मिलिलिटरमध्ये उतरते. म्हणजे तीव्रता आठपटीपर्यंत जाऊ शकते. म्हणून क्वाथासाठी वापरावयाचे पाणी आधी पारखलेले असावे.

दुसरा मुद्दा चाळणीपरीक्षा व निर्णायक परीक्षा यांतील भेदाचा. रंगबदलाची परीक्षा स्वस्त, शीघ्र व जागेवर करता येणारी आहे. अनेक नमुन्यांतून संशयित नमुने वेगळे काढणे हे तिचे काम. निर्णय मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतील अणुशोषण वर्णपटमापन अथवा आयसीपी-एमएस या पद्धतींनीच करावा. गर्भधारणा चाचणीची रेषा उमटल्यावरही आपण रुग्णतपासणी व सोनोग्राफी करतोच, तसाच हा क्रम समजावा.

निष्कर्ष

१. धातूंच्या सूक्ष्मकणांचा रंग त्यांच्या आकारावर, परस्परअंतरावर व सभोवतालच्या माध्यमावर अवलंबून असतो. त्यामुळे रंगहीन द्रव्याचे अस्तित्व डोळ्यांना दाखविता येते.

२. परीक्षेची विश्वसनीयता सुवर्णात नसून त्यावर बसविलेल्या ग्राहकात आहे.

३. वनस्पतिज चूर्णांतील शिशासाठी ही चाळणीपरीक्षा तत्त्वतः उपयुक्त आहे. मात्र चूर्णाचे आम्लविघटन अनिवार्य असल्याने ती प्रयोगशाळेतच करावी लागेल, चिकित्सालयाच्या टेबलावर नव्हे.

४. लाल रंग म्हणजे शुद्धतेचे प्रमाणपत्र नव्हे आणि निळा रंग म्हणजे विषाचा पुरावा नव्हे.

५. एकेकट्या वैद्यास प्रत्येक खेपेची तपासणी परवडत नाही. एका शहरातील वैद्यांनी एकाच व्यापाऱ्याकडून एकाच खेपेचे द्रव्य घेऊन त्याची तपासणी सामायिक खर्चाने करून घेतल्यास ती सर्वांच्या आवाक्यात येईल. संघटनेच्या शाखांनी यावर विचार करावा.

सुश्रुताचार्यांच्या वीर्यदोषात त्यांना शिसे वा पारा अभिप्रेत होता, असा आमचा दावा नाही. परंतु दोष शरीरात जाण्यापूर्वी कळावा, ही आचार्यांची तळमळ आणि या तंत्राचा उद्देश एकच आहे. रुग्णाने विचारलेल्या प्रश्नास वैद्याने विश्वासाने नव्हे, तर परीक्षेने उत्तर द्यावे, एवढीच सुज्ञ वैद्यवर्गास नम्र विनंती.